पगारे सिस्टरचे हात

आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये परवा भिंतीवर एक यंत्र बसवलं. कोणाचं हृदय अचानक बंद पडलं तर पेटी उघडायची, दोन चिकटपट्ट्या छातीवर लावायच्या, आणि पुढचं सगळं यंत्र स्वतः बोलून सांगतं म्हणे. आता छाती दाबा, आता दूर व्हा, आता बटण दाबा. डॉक्टर लागत नाही, शिकलेला माणूस लागत नाही. मला हे फार बरं वाटलं. धुतलेला सदरा घालून मी उद्घाटनाला गेलो. नारळ फुटला, पेटीला हार घातला, भाषणं झाली. सगळे चहाकडे वळले तेव्हा मी जवळ जाऊन पाहिलं. पेटीला कुलूप होतं. खाली कागद चिकटवलेला: चावी सेक्रेटरींकडे मिळेल.

मी सेक्रेटरींना गाठलं. म्हटलं, "तुम्ही राहता कुठं?"

"आता पाथर्डी फाट्याला. नवीन फ्लॅट घेतला ना. का हो आजोबा?"

"इथं माणूस पडला तर?"

"मला फोन करायचा."

"कोणी करायचा? पडलेल्यानं?"

लोक हसले. म्हातारा गमतीदार आहे असं त्यांना वाटलं. मी गमतीनं बोललो नव्हतो. घरी आलो आणि नातीकडून तिची अर्धी कोरी वही मागून घेतली. मी चौथीत शाळा सोडली, तीही चौथी पुरी न करता. पण पगारे सिस्टरबद्दल मी नाही लिहिलं तर कोणी लिहिणार नाही, आणि त्या कुलपाचं काय करायचं हे या शहरात फक्त तिला माहीत होतं.

आमचं रुग्णालय सरकारी. त्याचं नाव लिहीत नाही, कारण त्या वेळची माणसं गेली आणि भिंतींचा काही दोष नव्हता. मी तिथं पेंटर होतो. खाटा रंगवायच्या, दारं रंगवायची, 'शांतता राखा' लिहायचं. मला वाचायला वेळ लागतो, पण अक्षर काढायला लागत नाही. नाशकातल्या कितीतरी जुन्या पाट्या माझ्या हातच्या आहेत आणि एकीतही वेलांटी तिरकी सापडणार नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढं जे झालं ते या अक्षराच्या गर्वानंच झालं, म्हणून सांगतो.

पगारे सिस्टर आमच्याकडे बदलून आली ती सत्तर-एकाहत्तर सालच्या पुढंमागं. ठेंगणी, काळीसावळी, चालताना थोडी पुढं झुकलेली. रॉकेलच्या रांगेत नंबर चुकेल अशी घाई तिच्या चालण्यात कायम असायची. वॉर्डात शिरली की आधी पेशंटचे पाय बघायची, चेहरा मागून. म्हणायची, "तोंड खोटं बोलतं. पाय थंड पडले की पाय सांगतात." शेंगदाणे आणि गूळ कागदाच्या पुडीत असायचा, तोही उभ्यानं खायची. तिला बसलेलं मी फक्त चौकशीच्या दिवशी पाहिलं, आणि तेही साहेबांनी बसा म्हणून तीनदा सांगितल्यावर.

माणसाला ती कामानंच हाक मारायची. ओ पेंटर, ओ ड्रायव्हर, ओ परीट. आणि तिचं एक वाक्य होतं, ते आख्ख्या दवाखान्याला पाठ झालेलं. कुठं कोणी कोसळलं, गर्दी जमली, की ती गर्दीतून वाट काढत यायची आणि जो सगळ्यात पुढं उभा राहून बघत असेल त्याला विचारायची, "हात आहेत ना?" माणूस गडबडून हो म्हणायचा. "मग धरा."

असं तिनं कोणाकोणाला धरायला लावलं असेल याची गणती नाही. एकदा एक फौजदार कैद्याला घेऊन आलेला. समोर स्ट्रेचरवरचा म्हातारा घसरायला लागला. तिनं फौजदाराला विचारलं, "हात आहेत ना?" त्यानं टोपी काखेत मारली आणि म्हाताऱ्याचे पाय धरले. कैद्यानं डोकं धरलं. बेडीची लांब साखळी दोघांच्या मधे लोंबत होती, आणि सिस्टर मागून म्हणत होती, "दोघं एका पावलानं चला. भांडणं नंतर करा."

चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, ती घरून खिरीचा डबा आणायची. सगळ्या वॉर्डांना, स्वयंपाकघराला, ऑफिसला द्यायची. आमचे स्टोअरकीपर शिरोडेभाऊसाहेब वाटी घ्यायचे, वा वा म्हणायचे, आणि ती टेबलाखाली ठेवून द्यायचे. संध्याकाळी झाडूवाली ती मोरीत ओतायची. मी हे दोन वर्षं पाहिलं आणि बोललो नाही. माझी स्वतःची वाटी मी संपवत होतो, तेवढ्यावर मला आपण मोठे उदार वाटत होतो. तिसऱ्या वर्षी सिस्टर वाटी देऊन तिथंच उभी राहिली.

"खा ना भाऊसाहेब."

"खातो, खातो. नंतर."

"मला वाटी न्यायची आहे. मोजून आणल्यात."

भाऊसाहेबांनी खाल्ली. औषध पितात तशी. ती रिकामी वाटी घेऊन निघाली आणि दारातून म्हणाली, "वेलदोडा जास्त नाही ना झाला?" त्या दिवसापासून भाऊसाहेबांनी तिच्यावर डूख धरला. पुढच्या सगळ्या गोष्टीत तो डूख होता. कागदावर मात्र कायम नियमच होता.

मुंबईला तिचं तीन महिन्यांचं ट्रेनिंग झालं. परत आली ती नवीनच खूळ घेऊन. हृदय थांबलं तरी माणूस लगेच मरत नाही म्हणे. मधे काही मिनिटं असतात, त्या मिनिटांत छाती दाबत राहिलं तर रक्त डोक्यापर्यंत जात राहतं. तिनं कापसाची एक जुनी गादी गुंडाळली, सुतळीनं बांधली, आणि दुपारच्या सुट्टीत तिच्यावर सगळ्यांना शिकवायला लागली. ड्रायव्हर, स्वयंपाकी, झाडूवाल्या, परीट. "कोपर ताठ. मधल्या हाडावर. पोळी लाटायची नाहीय, खांद्यातून भार द्या. मोजा मोठ्यानं." खिडकीतून डॉक्टर लोक हसायचे. एक जण म्हणाला, "सिस्टर, गादी वाचेल का?" ती म्हणाली, "गादीला नातेवाईक नसतात डॉक्टर, म्हणून तिच्यावर शिकवते."

मला दोन वर्षं बोलवत होती. मी गेलो नाही. म्हणायचो, मी पेंटर आहे.

"पेंटरच्या हाताला छाती लागत नाय का?"

"ज्याचं त्यानं काम करावं सिस्टर."

"आणि ज्याचं काम त्योच नसला तिथं, मग?"

मी ब्रश धूत बसलो. मी हट्टी आहे, घरचे आजही सांगतील.

मग ते यंत्र आलं. ऐंशी सालाच्या आसपास. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेनं भेट दिलेलं. हल्लीच्यासारखं बोलणारं नव्हे, मुकं. लोखंडी पेटी, तिच्यावर एक गोल बटण, आणि जाड वायरींना जोडलेल्या दोन काळ्या मुठी. प्रत्येक मुठीच्या खाली तळहाताएवढी चकचकीत पोलादी चकती. हृदय नुसतं फडफडायला लागलं, ठोका देईना, की या दोन चकत्या छातीवर दाबून विजेचा झटका द्यायचा. सिस्टरनं मुंबईला असं यंत्र चालताना पाहिलं होतं. ती त्या पेटीभोवती अशी फिरली की पोरीला बघायला आलेली सासूच. म्हणाली, "हे वॉर्डात, माझ्या टेबलाशेजारी पाहिजे. आजच."

भाऊसाहेब म्हणाले, "नंबर पडल्याशिवाय वस्तू स्टोअरबाहेर जात नाही."

इथं सांगायला पाहिजे. सरकारात डेड स्टॉकचं रजिस्टर असतं. खाट, स्टूल, बादली, जी जी वस्तू टिकाऊ तिला नंबर, आणि तो नंबर वस्तूवर रंगानं लिहायचा. वर्षातून एकदा रजिस्टर घेऊन माणूस फिरतो आणि एकेक नंबर तपासतो. वस्तू मोडकी असली तरी चालते, नंबर दिसला पाहिजे. भाऊसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "पेटीवर नंबर घाला. मुठींवरपण वेगवेगळा घाला, त्या सुट्या होतात. पळवतील."

मी मुठी हातात घेऊन पाहिल्या. काळं प्लॅस्टिक, गुळगुळीत, रंग धरणार नाही. पोलादी चकती मात्र अशी होती की पेंटरच्या तोंडाला पाणी सुटावं. सपाट, गोल, कोरी. मी विचारलं, "इथं काढू?" भाऊसाहेब रजिस्टरातून मान वर न करता म्हणाले, "काढा कुठंही. दिसला पाहिजे."

मी आधी दोन्ही चकत्यांना पांढऱ्या एनॅमल रंगाचा पूर्ण हात दिला. वाळू दिला. दुसरा हात दिला. मग बारीक ब्रशानं काळा नंबर काढला, कडेनं एक नाजूक रेघ फिरवली. इतकं देखणं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. दोन माणसांना बोलावून दाखवलं.

यंत्र वॉर्डात गेलं. महिन्या-दीड महिन्यानं ओझरच्या कारखान्यातला एक फिटर स्वतःच्या पायानं चालत आला. सकाळचे अकरा. छातीत दुखतं म्हणाला. बायको बरोबर होती, तिच्या हातात त्याच्या डब्याची पिशवी, कारण तो कामावर जायला निघालेला आणि वाटेत विचार बदलून इकडं आला. खाटेवर झोपवला आणि त्यानं डोळे फिरवले. सिस्टरनं छाती दाबायला घेतली. मोठे डॉक्टर धावत आले. यंत्र लावलं. वीज नीट जावी म्हणून लावायची जेली सिस्टरनं स्वतःच्या हातानं चकत्यांना फासली. सगळे दूर झाले, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. तिसऱ्यांदा कसलासा करपल्यासारखा वास आला, तेवढंच. माणूस गेला.

मोठे डॉक्टर म्हणाले, "भंगार पाठवतात आपल्याकडे." कागदावर लिहिलं, यंत्र नादुरुस्त. भाऊसाहेबांनी ते परत स्टोअरात नेलं, कपाटात ठेवलं आणि कुलूप घातलं. ती बाई पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसलेली होती. डबा अजून कोमट असेल.

चार शिकलेल्या माणसांनी त्या पांढऱ्या चकत्या हातात धरल्या, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही की या पांढऱ्या का. परदेशी वस्तू आहे, असेल तशीच. माझा संताप होतो तो यानं. नव्या वस्तूला आपण हार घालतो, नंबर घालतो, कुलूप घालतो. फक्त तिला उलटून बघत नाही.

उलटून बघितलं ते सिस्टरनं, पण दुसऱ्या दिवशी. स्टोअरात गेली, यंत्र बघितल्याशिवाय हलणार नाही म्हणाली, आणि भाऊसाहेबांनी कंटाळून कपाट उघडलं. मग मला बोलावणं आलं. मी गेलो तर ती एक मूठ हातात घेऊन खिडकीशी उभी. चकतीवरचा रंग एका जागी फुगून तपकिरी झालेला.

"हे तुमचं अक्षर ना पेंटर?"

"हो." मी ताठ मानेनं सांगितलं.

"छान आहे." मग चकती माझ्यापुढं धरून, "रंगातून वीज जाते का हो?"

मी पंचवीस वर्षं रंगात होतो. वायरमनच्या बरोबर शिडीवर उभा राहिलेला माणूस. मला उत्तर येत होतं. मी म्हटलं, "मला सांगितलं तिथं मी काढला."

"कोणी सांगितलं ते मी विचारलंय का?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी माझ्या हातानं जेली लावली त्याच्यावर. नंबर वाचता आला मला. तेवढं अक्षर चांगलं आहे तुमचं. आणि मलाही कळलं नाही."

तिनं स्वतःला मोकळं सोडलं नाही, म्हणून मलाही सुटता आलं नाही.

पुढचं ऐका, म्हणजे सरकार कसं चालतं ते कळेल. तिनं अर्ज केला, चकत्यांवरचा रंग काढावा. भाऊसाहेबांनी शेरा मारला, नंबर खोडणे म्हणजे वस्तू रजिस्टरातून कमी करणे, त्याला समिती लागते. अर्ज रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांकडे गेला. साहेबांनी विचारलं, यंत्र नादुरुस्त आहे तर रंग काढून उपयोग काय. तिनं दुसरा अर्ज केला, रंग आहे म्हणून नादुरुस्त आहे. उत्तर आलं, सिस्टरनं तांत्रिक मत देऊ नये. पावसाळा गेला, दिवाळी गेली. ती रोज सकाळी कामावर चढण्याआधी स्टोअरच्या दारात उभी राहायची. "भाऊसाहेब, माझं काय झालं?" भाऊसाहेब चष्मा पुसायचे. "प्रोसेसमधे आहे."

एकदा तिनं मला विचारलं, "तुम्ही खरवडता का?"

मी म्हटलं, "लेखी आणा."

हे मी म्हटलं. भाऊसाहेबांनी नाही, साहेबांनी नाही. मी. माझं देखणं काम मला खरवडायचं नव्हतं, आणि नियमाच्या आड लपायला मलाही येत होतं.

मग एक दिवस मी फाटकावर पाटी रंगवत होतो, तर एका बाईनं विचारलं, मृत्यूचा दाखला कुठं मिळतो. मी वळून पाहिलं. ओझरच्या फिटरची बायको. हातात तीच पिशवी, तिच्यात आता कागद. मला तिनं ओळखलं नाही, ओळखायचं कारणच नव्हतं. मी खिडकी दाखवली. शिडीवर परत चढलो. 'रुग्णालय' मधला णा मला त्या दिवशी दोनदा पुसावा लागला.

दुपारी टर्पेंटाइन, फडकं आणि ब्लेड घेऊन स्टोअरात गेलो. भाऊसाहेबांना म्हटलं, रंग फुगलाय, दुरुस्त करतो. ते डबा उघडत होते. त्यांनी कपाट उघडून दिलं. मी दोन्ही चकत्या आरशासारख्या केल्या, वरून फडकं गुंडाळलं, कपाट लावलं. सिस्टरला सांगितलं तेव्हा ती पुडीतले शेंगदाणे सोलत होती. तिनं पुडी माझ्यापुढं केली. तेवढंच.

पंधरा दिवस गेले असतील. सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास आमचा रंगनाथ परीट धुतलेल्या चादरींचं गाठोडं घेऊन ड्रेसिंग रूमच्या दारात आला आणि गाठोड्यासकट खाली पडला. मी तिथंच खिडकीची चौकट रंगवत होतो. गर्दी झाली. मी सगळ्यात पुढं उभा राहून बघत होतो.

सिस्टर आली, गुडघ्यावर बसली, त्याच्या गळ्याला बोटं लावली. मान वर केली आणि मलाच म्हणाली, "हात आहेत ना?"

मी गादीवर कधी शिकलो नव्हतो. तिनं माझे दोन्ही हात धरून रंगनाथच्या छातीवर ठेवले, एकावर एक. "कोपर ताठ. दाबा. मोजा. मी येईपर्यंत थांबलात तर बघा."

ती धावली ते स्टोअरकडे. भाऊसाहेब ट्रेझरीत गेलेले, चावी त्यांच्या खिशात. ऑक्सिजनच्या नळकांड्याचा लोखंडी पाना तिनं उचलला आणि कपाटाच्या कुलपावर घातला. आवाज मला ड्रेसिंग रूमपर्यंत आला. पेटी एका बाजूला तिनं धरली, दुसऱ्या बाजूला झाडूवाल्या सखूबाईनं. प्लग लावला. नव्यानं लागलेले एक डॉक्टर आले होते, भिंतीला टेकून उभे. म्हणाले, "सिस्टर, मोठ्या डॉक्टरांना येऊ दे. मला हे ऑर्डर करता येणार नाही."

"तुम्ही ऑर्डर करू नका," ती म्हणाली. "तुम्ही नाडी धरा."

जेलीची ट्यूब वाळून गेलेली. तिनं सलाईनमध्ये कापड भिजवून छातीवर दोन जागी ठेवलं. यंत्र सुंईऽ करत विजेनं भरत होतं. माझ्या हातांना रंग होता, रंगनाथच्या उघड्या छातीवर हिरवे पंजे उमटलेले. "पेंटर, हात काढा. सगळे दूर." रंगनाथ जमिनीवरून उसळला आणि परत पडला. मला तिनं पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा भरलं. पुन्हा हात काढा. दुसऱ्या झटक्यानंतर ते नवे डॉक्टर रडक्या आवाजात म्हणाले, "लागतेय. सिस्टर, लागतेय नाडी."

रंगनाथ त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. माझ्या दाबण्यानं त्याची एक बरगडी मोडली होती. ती तो मरेपर्यंत मला बोलून दाखवायचा. "माझी इस्त्री लय बरी, पेंटर. निदान मोडत तरी नाय."

भाऊसाहेब बारा वाजता आले. रंगनाथ वाचला हे त्यांना फाटकातच कळलं होतं. ते आधी कुलूप बघायला गेले. मग चकत्या बघितल्या. आणि त्यांनी भरल्या वॉर्डात विचारलं, "नंबर कुठं गेला?"

चाळीस वर्षं होऊन गेली. मला अजून तो प्रश्न ऐकू येतो आणि अजून हात शिवशिवतात.

सिस्टरला मेमो मिळाला. तीन आरोप. सरकारी कुलूप तोडले. डॉक्टरच्या आदेशाशिवाय यंत्र वापरले. डेड स्टॉकचा नंबर नष्ट केला. माणूस जगवला हे कशातच नव्हतं, कारण त्याला रकाना नव्हता. चौकशीला बाहेरून अधिकारी आले. आम्ही दाराबाहेर उभे. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"कुलूप तुम्ही तोडलं?"

"हो."

"आदेश नव्हता?"

"नव्हता."

"नंबर कोणी खरवडला?"

ती म्हणाली, "मीच. आधीच खरवडायला पाहिजे होता."

मला तिनं वाचवावं एवढा मी लहान नव्हतो. दार ढकलून आत गेलो. म्हटलं, "नंबर मी काढला होता आणि मीच खरवडला."

अधिकारी म्हणाले, "तुम्हाला कोणी बोलावलंय?"

"नाही. मला कोणी विचारतच नाही, म्हणून सांगायला आलो. एक माणूस या नंबरानं गेला. ओझरचा. त्याचं तुमच्या कागदात कुठं आहे?"

त्यांनी भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. सिस्टर मला म्हणाली, "पेंटर, बाहेर जा. तुमच्या रंगाचे हात लागतायत दाराला." पण ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली होती.

निकाल लागला. तिची बदली सुरगाण्याकडे, डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात. माझी एक वेतनवाढ थांबवली. आणि मला लेखी हुकूम मिळाला. आता मात्र लेखी. चकत्यांवर नंबर पूर्ववत टाकावा.

मी नाही टाकला. नोकरीत मी एकच अर्ज केला, तो हा. मोठ्या अक्षरात एकच ओळ: मी हा नंबर चकतीवर काढणार नाही. मग घरी बसून पत्र्याच्या दोन छोट्या चकत्या कापल्या, त्यांच्यावर नंबर घातला, भोकं पाडली आणि त्या तारेनं मुठींच्या वायरीला बांधून दिल्या. भाऊसाहेब म्हणाले, "हेही चालतं की." चालत होतंच. पहिल्या दिवसापासून चालणार होतं. ही अक्कल मला तेव्हा का सुचली नाही, याचा राग मी इतरांवर काढतो, पण तो कोणावरचा आहे ते मला माहीत आहे.

तीन-चार वर्षांनी मला त्याच बाजूला पाट्या रंगवायला पाठवलं. पेठ गावावरून पुढं जीपनं. मागं भाताची पोती, पोत्यांवर माणसं, टपावर कोंबड्या. आरोग्य केंद्राच्या अंगणात उतरलो तर पाच-सहा जीपवाले गोल करून बसलेले, मधे नागलीचं, म्हणजे नाचणीचं, भरलेलं पोतं, आणि पोत्याशेजारी गुडघ्यावर पगारे सिस्टर. केस बरेच पांढरे झालेले. तिथं ना यंत्र होतं, ना डॉक्टर रोज असायचा. पेशंट गावातून आणणाऱ्या जीपवाल्यांनाच ती शिकवत होती.

एक जण म्हणाला, "सिस्टर, एवढं दाबलं त बरगडी मोडंल ना वो."

"मोडू दे. बरगडी जुळते." मग तिची नजर माझ्याकडे गेली. "या पेंटरला विचारा. यानं मोडलीय एकाची."

मला चहा दिला. रंगनाथची चौकशी केली. पत्र्याच्या चकत्यांचं मी सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ हसली. यंत्र कोणी वापरतं का म्हणाली. मी म्हटलं, कपाटात आहे, नवं कुलूप आहे, आधीपेक्षा मोठं. तिनं हसू आवरलं आणि शेंगदाण्याचं टरफल दूर भिरकावलं.

दुपारी मी केंद्रातल्या खाटा-स्टुलांवर नंबर घालत होतो. यादी संपली. ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "झालं सगळं?"

"झालं."

"दोन राहिले." तिनं आपले दोन्ही तळहात माझ्यापुढं उघडे धरले. कडक, भेगा पडलेले, पोत्याची धूळ लागलेले. "यांच्यावर काढता? नाहीतर पळवतील कोणी."

माझ्या हातात ब्रश होता, ब्रशाला काळा रंग होता. मी तो डब्यात ठेवला. बाहेरून एक जीपवाला ओरडला, सिस्टर, मी पुन्यांदा करून बघतो, आता तुम्ही मोजा. ती वळली आणि अंगणात गेली. माझी जीप निघाली तेव्हा ती पोत्यापाशी पाठमोरी बसली होती, आणि वळणापर्यंत तिचं मोजणं ऐकू येत होतं.